अंगणात मांडलेली शाळा

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने दोन तपे हाताळल्यानंतर ताराबाई मोडक यांनी शिंपले, बिया आणि खडे घेऊन आदिवासी पाड्यावर बालशिक्षणाचा संसार थाटला. त्यांच्या जीवनकार्याचा हा मागोवा.

जून महिना जवळ आला की शहरांतील घराघरांत बालवाडीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. वर्गात खेळणी किती, भिंती किती रंगीत, साधने परदेशी बनावटीची आहेत की नाहीत, यावरून शाळेची पारख होते आणि त्याच हिशेबाने शुल्कही ठरते. तीन वर्षांच्या मुलाला शिकवायचे तर पुष्कळ सामान हवे आणि सामानासाठी पुष्कळ पैसा हवा, ही समजूत आता इतकी रुजली आहे की तिच्याविषयी कोणी शंका घेत नाही. महाराष्ट्रात ही शंका एका विदुषीने घेतली होती. ती घेण्याचा त्यांना अधिकारही होता, कारण याच महागड्या साधनांचे शास्त्र त्यांनी तेव्हाच्या भारतातील थोड्याच जणांना जमले असेल इतक्या बारकाईने आत्मसात केले होते. त्या विदुषी म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक. आज देशाच्या प्रत्येक राज्यात उच्चारला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्यांच्याच प्रयोगातून आलेला आहे. शब्द सर्वतोमुखी झाला, मात्र ज्या विचारातून तो जन्मला तो विचार मागे पडला.

सुधारकी घर, मोडलेला संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलीने शिकावे, स्वतंत्रपणे विचार करावा, आपल्या बुद्धीला पटेल तेच करावे, ही त्या घराची धारणा होती. ज्या काळात मुलींची लग्ने बालवयातच उरकली जात, त्या काळात ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वऱ्हाडातील प्रतिष्ठित घर, हुशार पती, स्वतःला अध्यापनाची आवड, असे सारे जुळून आलेले होते. परंतु हा संसार टिकला नाही. काही वर्षांतच दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि लहानग्या प्रभाला घेऊन ताराबाई बाहेर पडल्या. परित्यक्ता आणि विधवा यांना आश्रित म्हणून जगण्याशिवाय समाजाने फारशी वाट ठेवलेली नव्हती, अशा त्या काळात एका आईने मुलीसह स्वतःच्या कमाईवर उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या आयुष्याचा हा भाग मराठी माणसाला पुष्कळ वर्षांनी रत्नाकर मतकरी यांच्या 'घर तिघांचं हवं' या नाटकामुळे परिचयाचा झाला.

ताराबाई राजकोटला गेल्या. तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज हे शिक्षिका घडवणारे विद्यालय होते आणि त्याच्या प्राचार्यपदी नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पद मानाचे, वेतन चांगले, निवृत्तीपर्यंतची शाश्वती. एकट्या स्त्रीला आणखी काय हवे, असे कोणीही म्हटले असते. पण राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगरात लहान मुलांच्या शिक्षणाचा एक अनोखा प्रयोग चालू असल्याचे त्यांच्या वाचनात आले आणि त्यांचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या.

भावनगरची शिदोरी

दक्षिणामूर्ती ही नानाभाई भट्ट यांची संस्था. तिच्यात गिजुभाई बधेका या एकेकाळच्या वकिलाने १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांनी गिजुभाई झपाटून गेले होते. मूल हे लहान माणूस असते, त्याला धाक आणि मार नको, मोकळीक आणि काम हवे, हा त्या ग्रंथांचा गाभा. छडीशिवाय शाळा चालूच शकत नाही असे मानणाऱ्या समाजात ही गोष्ट बंडाइतकीच धक्कादायक होती.

माँटेसरी पद्धतीचा कणा म्हणजे तिची साधने. गुलाबी मनोऱ्यात एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत्या बाजूंचे दहा ठोकळे असतात. दट्ट्यांच्या पेटीत प्रत्येक दट्ट्यासाठी नेमके त्याच्याच मापाचे भोक असते. रंगपट्ट्या, नाद ओळखण्याच्या डब्या, खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे, बटणे आणि नाड्या लावण्याच्या चौकटी, असा हा मोठा सरंजाम असतो. ही खेळणी नव्हेत. प्रत्येक साधनात एकच गुण वेगळा काढलेला असतो. मनोऱ्यात फक्त आकारमान बदलते, रंग आणि लाकूड तेच राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चूक साधनच दाखवून देते. दट्ट्या चुकीच्या भोकात बसत नाही, शेवटी एक शिल्लक उरतो, आणि मूल आपले आपण पुन्हा मांडू लागते. शिक्षिकेला रागावण्याचे कारणच उरत नाही.

या साऱ्यासाठी सुताराचे काम अचूक असावे लागते. माप केसभर चुकले तर साधन निकामी होते. साहजिकच अशी साधने महाग पडतात. या पद्धतीचा जन्म मात्र गरिबांच्या वस्तीत झाला होता. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या भागात, आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांवर आणि रस्त्यांवर हुंदडणाऱ्या मुलांसाठी माँटेसरींनी आपले पहिले बालगृह उघडले होते. पुढे कीर्ती वाढली आणि जगभर ही पद्धत श्रीमंतांच्या मुलांची झाली. १९३१ मध्ये लंडनला गोलमेज परिषदेसाठी गेलेल्या गांधीजींनी माँटेसरींच्या प्रशिक्षण महाविद्यालयात बोलताना हीच अपेक्षा व्यक्त केली होती, की हे शिक्षण धनिकांच्या मुलांपुरते न राहता दरिद्री मुलांपर्यंतही पोहोचावे.

भावनगरच्या नऊ वर्षांत ताराबाई आणि गिजुभाई यांनी मूळ पद्धतीत पुष्कळ देशी भर घातली. लोककथा, नाट्य, गाणी, निसर्गातील भटकंती यांना त्यांनी बालमंदिरात जागा दिली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गुजरातीतून निघणाऱ्या 'शिक्षणपत्रिके'तून दोघांनी पालकांशी संवाद मांडला आणि पुढे तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. मुलांना मारू नका, त्यांच्या हट्टामागचे कारण शोधा, त्यांना स्वतःच्या हाताने जेवू द्या, असे साधे विषय त्यांनी मराठी घरांत नेले. ज्यांना ते पटले त्यांच्या घरी मुलांचे दिवस बदलले. पुष्कळांना मात्र तो पाश्चात्त्य लाडावणूक करण्याचा प्रकार वाटला.

दादरमधील अस्वस्थता

१९३२ मध्ये ताराबाईंनी भावनगर सोडले. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभा राहिला आणि त्याच्या जोडीला बालशिक्षिकांचे प्रशिक्षण देणारे अध्यापन मंदिरही आले. मुंबईतील शिकलेल्या मध्यमवर्गाने ही शाळा उचलून धरली. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाची धुरा ताराबाईंकडे आली. त्याच वर्षी माँटेसरी स्वतः भारतात आल्या, मद्रासजवळ अड्यारला त्यांचे वर्ग सुरू झाले आणि देशभरात या पद्धतीला प्रतिष्ठा लाभली.

ताराबाईंना आता दादरमध्येच उर्वरित आयुष्य सुखाने घालवता आले असते. नाव होते, शाळा होती, विद्यार्थिनी होत्या. परंतु यश डोळ्यांसमोर असतानाच त्याची मर्यादाही त्यांना दिसत होती. शिशुविहारात येणारी मुले वकिलांची, डॉक्टरांची, कारकुनांची होती. त्यांच्या घरी पुस्तके होती, दूध होते, वेळ देणारी आई होती. ज्या मुलांना घरात यांतले काहीच नव्हते त्यांच्यापर्यंत बालशिक्षण जाणार कसे? एका वर्गाची साधने घ्यायला जो पैसा लागे तो खेड्यातल्या कुठल्याही शाळेला परवडणारा नव्हता. मग जी पद्धत खेड्यात जाऊ शकत नाही ती राष्ट्राची पद्धत कशी म्हणायची, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. गांधीजींच्या नयी तालीमच्या विचाराने या प्रश्नाला धार आली. सात वर्षांखालील मुलांच्या, म्हणजे पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार करताना खर्चाचा मुद्दा टाळताच येत नव्हता.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा निधीच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले. पुण्याहून आलेली एक शिक्षिका तेथे ताराबाईंना भेटली. बालपणीच वैधव्य आलेली, हिमतीने शिकलेली ही तरुणी म्हणजे अनुताई वाघ. ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न होते, अनुताई पस्तिशीच्या होत्या. पुढची अठ्ठावीस वर्षे या दोघींनी जे काम केले त्यात विचार ताराबाईंचा आणि रोजचा राबता अनुताईंचा, असे ढोबळमानाने म्हणता येते. मात्र दोघींच्या कामाला अशा रेषेने तोडणे खरे पाहता अवघडच आहे.

बोर्डीचा पहिला धडा

त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, आता पालघर जिल्ह्यात गेलेले समुद्रकाठचे गाव. चिकूच्या बागा, नारळी, खाऱ्या वाऱ्याचा किनारा, आणि आतल्या बाजूला वारली पाडे. शंकरराव भिसे, म्हणजे आचार्य भिसे, यांनी तेथे शिक्षणाचे काम आधीपासून मांडलेले होते.

काळ मात्र साधा नव्हता. याच १९४५ सालात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू पट्ट्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. पिढ्यान्‌पिढ्या सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांनी नागवलेल्या या लोकांना पांढरपेशा माणूस म्हणजे काय, याचा अनुभव पुरेपूर आलेला होता. शहरातून आलेल्या दोन बाया आपल्या मुलांना बोलावतात, यात त्यांना काही भले दिसण्याचे कारण नव्हते.

बालवाडी सुरू झाली. गावातील बऱ्या घरची मुले आली. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप होता ती गरीब वस्तीतील मुले मात्र येईनात. बोलावून झाले, समजावून झाले. कपडे नाहीत म्हणून लाज वाटते, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, गुरे राखायची असतात, आई रानात गेल्यावर घर राखायला कोणी नसते, अशी एकेक कारणे कळत गेली. यातले एकही कारण खोटे नव्हते.

येथे ताराबाईंनी जो निर्णय घेतला त्यामुळे भारतातील बालशिक्षणाची दिशा पालटली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे. शिक्षिका टोपलीत चार वस्तू घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना गोळा करायचे, नखे कापायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. बालवाडीचे असे दोन प्रकार ठरले. केंद्रात नियमाने पाच तास चालणारी ती मध्यवर्ती बालवाडी आणि मुलांच्या दारात, मुलांच्या सोयीच्या वेळेला भरणारी ती अंगणवाडी.

सामान कोठून आणले?

अंगणात भिंत नव्हती, कपाट नव्हते, लहान खुर्च्या-टेबले नव्हती. दादरच्या शिशुविहारातील लाकडी साधने तेथे आणणे परवडण्यासारखे नव्हते आणि आणली असती तरी ती त्या मुलांना परकीच वाटली असती. ताराबाईंनी परिसराकडे पाहिले. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख आणि शिंपले पडलेले होते. रानात बिया होत्या, शेंगा होत्या, पिसे होती. ओढ्यात गुळगुळीत खडे होते. पाने, फुले, काटक्या, माती यांना तर तोटाच नव्हता. यांचीच साधने झाली.

हे वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात हा निवडीचा मोठा बारीक उद्योग होता. शिंपल्यांचा ढीग मुलांपुढे ओतला म्हणजे शिक्षण झाले, असे ताराबाईंचे म्हणणे कधीच नव्हते. भावनगरला शिकलेले शास्त्र येथे कामाला आले. एकाच जातीचे शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले, तर गुलाबी मनोरा जे शिकवतो तेच डोळ्यांना आणि बोटांना कळते. निरनिराळ्या जातींचे मिसळून दिले तर वर्गीकरण होते. पानांच्या जोड्या लावताना आकार आणि कडा यांची पारख होते. डोळे मिटून खडा, बी आणि पीस चाचपले की गुळगुळीत, खरबरीत आणि मऊ हे शब्द केवळ शब्द राहत नाहीत. बंद डबीत चिंचोके, वाळू किंवा खडे घालून वाजवले की नादांचा भेद कळतो. चिंचोके दहा-दहांनी मांडले की मोजणी येते. पसरलेल्या ओल्या वाळूत बोटाने अक्षर गिरवता येते आणि चुकले तर तळहाताने पुसून पुन्हा काढता येते. त्यासाठी पाटीही लागत नाही.

माँटेसरी वर्गात जीवनव्यवहाराचा एक स्वतंत्र कोपरा असतो. पाणी ओतणे, झाडणे, पुसणे, बटणे लावणे यांची लहान साधने तेथे मांडून ठेवतात. अंगणात तो कोपरा आपोआपच तयार होता. घागर खरी, केरसुणी खरी, शेण-मातीचा सडा खरा. वारली घराच्या कुडाच्या भिंती शेणा-मातीने लिंपलेल्या असतात आणि लग्नकार्यात त्यांवर तांदळाच्या पिठाने चौक रेखतात. ज्या घरात आई-आजीच्या बोटांतून अशी चित्रे उतरतात, त्या घरच्या मुलाला चित्रकलेसाठी दुकानातून कागद आणण्याची वाट पाहावी लागत नाही. भूमी हाच फळा, गेरू आणि पीठ हेच रंग.

या साधनांचा आणखी एक गुण होता. ती मुलांना ओळखीची होती. सावकाराच्या वाड्यात जी मुले अंग चोरून उभी राहत, ती आपल्याच रानातल्या वस्तूंपुढे निर्भय होती. कोणत्या बीचे झाड कोठे आहे, कोणते पीस कोणत्या पाखराचे, हे शिक्षिकेपेक्षा त्यांना अधिक ठाऊक होते. शिकवणाऱ्याला शिकवण्याची संधी ज्या शाळेत पहिल्याच दिवशी मिळते, ती शाळा मुलाला परकी वाटत नाही.

जे स्वस्त नव्हते

ताराबाईंच्या या प्रयोगाचे वर्णन पुढच्या काळात 'कमी खर्चाचे शिक्षण' असे होऊ लागले. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. शिंपला फुकट मिळतो, पण दट्ट्यांच्या पेटीसारखी चूक तो आपली आपण दाखवत नाही. मूल चुकले आहे की त्याला वेगळाच क्रम सुचला आहे, हे ओळखायला तेथे शिक्षिकेचा तयार डोळा लागतो. म्हणजे महाग साधनात सुताराने जी अचूकता घातलेली असते, तीच स्वस्त साधनाच्या बाबतीत शिक्षिकेच्या अंगी असावी लागते. साधनावरचा खर्च जितका कमी होतो तितकी शिक्षिकेच्या तयारीची गरज वाढते. ताराबाईंनी ही गोष्ट नेमकी हेरली होती. भावनगर असो, दादर असो की बोर्डी, बालशाळेच्या जोडीला प्रशिक्षणाचे काम त्यांनी प्रत्येक ठिकाणी उभे केले. काटकसर त्यांनी लाकडात केली, रंगात केली, इमारतीत केली. शिक्षिकेच्या तयारीत कधी केली नाही.

ही तयारी पुस्तकी नव्हती. अंगणवाडीची शिक्षिका मुलांची नखे कापणारी, खरूज धुणारी, गोष्ट रंगवून सांगणारी आणि वारली बोली कानावर घेऊन त्याच बोलीत उत्तर देणारी हवी. मुलांना आंघोळ घालणे हे काम हलके आहे, असे मानणारी मुलगी या कामाला उपयोगाची नव्हती. जातीपातीचा पीळ कायम असलेल्या त्या काळात, सुशिक्षित घरांतून आलेल्या बायकांनी पाड्यावरच्या मुलांना न्हाऊ घालावे, यातच एक मोठे शिक्षण होते. ते वस्तीचेही झाले आणि त्या बायकांचेही.

गरज दिसेल तशी शाळेची रूपे बदलत गेली. थोरल्या मुली कडेवर भावंडे घेऊन येत. त्यांना परत पाठवण्याऐवजी भावंडांसाठी पाळणाघर सुरू झाले आणि थोरलीचे हात शिकायला मोकळे झाले. गुराख्यांची मुले दिवसभर माळावर असत. त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. मुलाचे पोट, त्याचे काम, त्याच्या घरची अडचण यांना शाळेच्या वेळापत्रकाबाहेर न ठेवता त्यांच्याभोवतीच वेळापत्रक बांधायचे, हे यामागचे सूत्र होते.

कोसबाडच्या टेकडीवर

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. सभागृहातील वातावरणाचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. त्यांचे मन पाड्यांवरच राहिले. १९५७ मध्ये केंद्राचे काम बोर्डीहून कोसबाडला हलले. डहाणू तालुक्यातील ही टेकडी वारली वस्त्यांच्या अगदी मध्यात आहे. येथे 'विकासवाडी' आकाराला आली. पाळणाघरापासून बालवाडी आणि प्राथमिक शाळेपर्यंतचे शिक्षण एका माळेत ओवण्याची ती कल्पना होती. बालवाडीत रुळलेले मूल पुढच्या वर्गाच्या शिस्तीला घाबरून पळू नये, यासाठी दोन्हींच्या मधली भिंतच काढून टाकण्याचा तो प्रयत्न होता. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनात या दिवसांचे विस्ताराने चित्रण आले आहे.

टेकडीवरील हे जीवन खडतर होते. पाण्याची टंचाई, पावसाळ्यातील चिखल, पैशाची ओढाताण, आणि हंगाम आला की मजुरीसाठी आईबापांबरोबर निघून जाणारी मुले. महिनोन्‌महिने जमवलेला वर्ग आठवड्यात ओस पडे आणि परतलेल्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. ताराबाईंचे वय साठीच्या पुढे गेले होते. ज्या वयात लोक नातवंडांत रमतात त्या वयात त्या परक्यांच्या मुलांसाठी साधनांचे आराखडे आणि प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आखत होत्या. मुलांसाठी गोष्टी आणि पालकांसाठी लेखनही चालूच होते. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे विकासवाडीचा भार अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःचे निधन होईपर्यंत वाहिला.

नाव राहिले, अंगण कोठे गेले?

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभ ३३ प्रकल्पांनी झाला. त्यातील केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव देण्यात आले. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत आणि जगातील मोठ्या बालसेवा योजनांमध्ये तिची गणना होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरोदर आणि स्तनदा मातांची काळजी ही सारी कामे या केंद्रांनी पेलली. कुपोषणाशी चाललेल्या लढ्यात त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही.

तरीही ताराबाईंच्या अंगणवाडीशी ताडून पाहिले की एक उणीव लपत नाही. स्वस्तपणा सरकारने उचलला, पण त्या स्वस्तपणाची किंमत जिच्या कौशल्याने चुकती व्हायची तिच्याकडे दुर्लक्ष झाले. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे तर मानधन मिळते. नोंदवह्या, वजने, आहार, सर्वेक्षणे यांतून मुलांसोबत खेळायला तिला वेळ किती उरतो, हा प्रश्नच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत मानधनवाढ होती, ग्रॅच्युइटी होती, निवृत्तिवेतन होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयाच्या शिक्षणाला पायाभूत टप्प्याचे स्थान दिले आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला. जे सूत्र कोसबाडच्या टेकडीवर कितीतरी आधी हाती आले होते, त्याकडे देश असा वळसा घेऊन येत आहे.

शहरातील पालकांसाठीही ताराबाईंच्या जीवनात सांगण्यासारखे काही आहे. साधनांची त्यांनी कधी अवहेलना केली नाही. दट्ट्यांची पेटी त्यांच्या दृष्टीने उत्तमच होती आणि दादरच्या मुलांना ती त्यांनी आनंदाने दिली. परंतु पेटी नसेल तर मूल शिकू शकत नाही, हे त्यांनी मान्य केले नाही. आणि पेटी नाही म्हणून गरिबाच्या मुलाला कसेतरी, काहीतरी शिकवले तरी चालेल, हेही त्यांनी मान्य केले नाही. वर्गाची पारख करायची तर फळीवर किती वस्तू आहेत हे मोजण्याआधी त्या वस्तूंजवळ बसलेली बाई मुलाच्या हातांकडे लक्ष देऊन पाहते आहे का, हे पाहावे लागेल. ते पाहायला शुल्कपत्रक उपयोगी पडत नाही.

कोसबाडची टेकडी आजही तेथेच आहे. बोर्डीच्या किनाऱ्यावर भरती ओसरली की ओल्या वाळूत शिंपले अजून पडलेले असतात. ते वेचून, निवडून, धुऊन, एका मुलापुढे क्रमाने मांडायला एक तयार बाई मात्र लागते, आणि तिला तिच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो.